तुळजाबाईंच्या गोठ्यातल्या कोंबड्या

तुळजाबाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांच्यासोबत जनावर नव्हतं. हातात स्टीलच्या डब्याचं झाकण होतं आणि त्यावर पळसाचं पान झाकलेलं होतं. रांगेत दोन वासरं होती, पाय सुजलेली एक म्हैस होती आणि तिच्या मागं ह्या बाई उभ्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, रंग उन्हानं रापलेला, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

मी तेव्हा देवणी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. मूळचा मी इस्लापूरचा, किनवटच्या जंगलाकडचा. नोकरीनं फिरवत फिरवत या कर्नाटकच्या वेशीवर आणून सोडलं होतं. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हे हे सांगून सांगून थकलो आणि शेवटी सांगणं सोडून दिलं.

"जनावर कुठं आहे बाई?" मी विचारलं.

"जनावर घरी हाय. मी सवाल घेऊन आलेय."

त्यांनी पान बाजूला केलं. झाकणात ओलसर ज्वारीचे दाणे होते, चार-दोन किडे होते आणि एका कडेला वेगळे काढून ठेवलेले गोचीड. काही बारीक, काही रक्त पिऊन वाटाण्याएवढे फुगलेले.

"सत्तावीस हायत. दोनदा मोजले," त्या म्हणाल्या. "काल कुत्र्यानं माझी कोंबडी धरली. मेलीच ती. मग तिच्या गळ्याखालची पिशवी चिरून बघितली, तर हे निघाले."

"बरं. मग सवाल काय?"

"कोंबडीचं पीस गाईच्या पोटात गेलं तर गाय मरती का?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"मला नाही वाटत," मी म्हणालो.

"वाटत न्हाई का म्हाईत न्हाई, सायेब? घरी जाऊन मला मामांना सांगायचंय. वाटतंय म्हणून सांगितलं तर ते ऐकायचे न्हाईत."

मामा म्हणजे त्यांचे सासरे, अमृतराव. देवणी गाईंच्या शौकिनांमध्ये हा माणूस माहीत नाही असा कुणी तालुक्यात नव्हता. अंगानं पांढरीशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी, अशी देवणीतल्या वानेरा प्रकारची जनावरं त्यांच्या दावणीला तीन पिढ्यांपासून. अमृतराव सकाळी उठून आधी गोठ्यात जाणार, मग तोंड धुणार. त्यांच्या गोठ्यात चपला घालून गेलेला माणूस शिव्या खाऊनच बाहेर यायचा. आणि त्यांच्या गोठ्याचा एक कायदा होता: कोंबडीनं उंबरा ओलांडायचा नाही. पीस वैरणीत गेलं, गाईनं खाल्लं, की गाय झुरून मरते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते आपल्या सगळ्या गावाला, सिंदगीवाडीला.

तुळजाबाईंचं माहेर चाकूरकडचं. लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरहून येताना आईनं दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या कोंबड्या, पाटीत घालून दिल्या होत्या. त्या दोनाच्या वीस झाल्या, विसाच्या चाळीस झाल्या. पण सगळा संसार घराच्या मागच्या अंगणात, गोठ्यापासून लांब. पंचवीस वर्षं सुनेनं सासऱ्याचा कायदा पाळला.

मग एका पावसाळ्यात गोठ्यात गोचीड माजले. भिंतींच्या फटीत, दावणीच्या लाकडात, गाईंच्या कानात, शेपटीखाली. अमृतरावांची सगळ्यात लाडकी गाय रतन गोचीडतापानं आडवी झाली. आमच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं, पण ती इतकी वाळली की बघवत नव्हतं. फवारणी केली, पुन्हा गोचीड आले. पुन्हा फवारणी केली, पुन्हा आले.

त्यातच एक दिवस तुळजाबाईंची एक काळी कोंबडी भिंतीवरून उडून गोठ्यात शिरली. अमृतराव आणि भुजंग, म्हणजे तुळजाबाईंचे मालक, शेतावर होते. तुळजाबाई तिला हाकलायला म्हणून आत गेल्या आणि दारातच थांबल्या. रतन बसलेली होती आणि कोंबडी तिच्या मांडीजवळ उभी राहून टिपत होती. एक, दोन, तीन. गाय हललीसुद्धा नाही. उलट तिनं मान लांब केली, गळ्याखालची लोंबती पोळी मोकळी केली, जणू इथलेही काढ म्हणत होती.

"मी घटकाभर उभीच राहिले," तुळजाबाईंनी मला नंतर सांगितलं. "मला वाटलं, आपण पंचवीस वर्षं ह्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं, आन् ह्यांची तर आपसात वळख हाय."

दुपारी अमृतराव आले. त्यांनी कोंबडी पाहिली आणि काठी घेऊन मागं लागले. कोंबडी भेदरून रस्त्यावर पळाली आणि तिथं कुत्र्याच्या तोंडी सापडली. तुळजाबाई मेलेली कोंबडी घेऊन मागच्या अंगणात गेल्या, विळीवर तिची पिशवी चिरली, जे निघालं ते झाकणात घेतलं आणि सासऱ्यापुढं नेऊन ठेवलं.

"हे तुमच्या रतनच्या अंगावरचे हायत मामा. एका सकाळचे."

अमृतरावांनी काडीनं एक गोचीड उलटा करून बघितला. मग म्हणाले, "आन् पिसाचं काय?"

तो सवाल घेऊन त्या आठ किलोमीटर चालत दवाखान्यात आल्या होत्या.

मी आत गेलो आणि डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पीस म्हणजे काही विष नव्हे. एखादं गेलं तर काही होत नाही. खरं भय विष्ठेचं. कोंबड्या गव्हाणीवर, वैरणीवर, पाण्याच्या हौदावर बसून घाण करतात, ते जनावराच्या पोटात जाऊ देऊ नका. आणि गोचिडांचं औषध फवारलं असेल तर काही दिवस कोंबड्यांना तिथं फिरकू देऊ नका, मेलेले गोचीड खाऊन कोंबड्याच दगावतील.

बाहेर येऊन मी हे सगळं सांगितलं. बाईंनी ते पाठ म्हणावं तसं माझ्यासमोर पुन्हा म्हणून दाखवलं, झाकण उचललं आणि चालत्या झाल्या.

महिनाभरानं लसीकरणासाठी सिंदगीवाडीला गेलो तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडं डोकावलो. गव्हाणीवर जुन्या मच्छरदाणीचा पडदा ताणलेला. कडबा वर माच्यावर, ताडपत्रीखाली. हौदावर फळ्यांचं झाकण. आणि गोठ्यात आठ कोंबड्या, एक कोंबडा. सकाळी शेण काढून झालं की दोन तास त्यांना आत सोडायचं, मग बाहेर. रात्रीचा मुक्काम खुराड्यातच, गोठ्यात नाही.

"मामा कबूल झाले?" मी हळूच विचारलं.

"दिवाळीपतोर बघू म्हणलेत. दारात खुर्ची टाकून बसतेत रोज. एक पीस पडलं तरी मला हाक मारतेत."

खरंच अमृतराव दारात खुर्चीवर बसलेले होते. मला बघून म्हणाले, "बघा सायेब, म्हातारपणी मला कोंबड्या राखायला बसवलंय."

मात्र हे सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळी आठ दिवसांवर असताना त्यांची एक गाभण शेळी मेली. कोंबड्यांसाठी भरडलेला मका आणि ज्वारी खुराड्याजवळच्या टोपल्यात ठेवलेली होती. शेळीनं दावं तोडलं आणि सगळं टोपलं फस्त केलं. पोट फुगलं, दात खाऊ लागली. तुळजाबाईंनी खाण्याचा सोडा पाण्यातून पाजला, फोन केला, मी डॉक्टरांना घेऊन पोचेपर्यंत वेळ गेली होती.

वाडीतल्या शेजारणी जमलेल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "कोंबड्या आन् जनावरं एका जागी ठिवलं की असंच होतंय." अमृतराव खुर्चीवर मान खाली घालून बसलेले. मला वाटलं, आता कोंबड्या गेल्या.

तुळजाबाई शेळीजवळून उठल्या. डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोंबड्यांची गलती न्हाई. दाणा उघड्यावर ठेवला ती गलती माझी हाय. शेळीला काय कळतंय? तिला दाणा दिसला, तिनं खाल्ला."

शेजारणी पांगल्या. अमृतराव उठून आत गेले. मला तो दिवस आजही आठवतो. चूक इतक्या सरळपणे स्वतःच्या पदरात घेणारा माणूस मी दवाखान्यात क्वचित पाहिला. जनावर मेलं की लोक औषधाला नावं ठेवतात, आम्हाला ठेवतात, शेजाऱ्याच्या नजरेला ठेवतात.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भुजंगकडून बाभळीच्या फोकांचा एक छोटा वाडा करून घेतला. त्याला खाली फक्त वीतभर फट. कोंबडी वाकून आत जाते, करडाचं डोकंसुद्धा शिरत नाही. दाणा त्याच्या आत. उरलेला दाणा पत्र्याच्या डब्यात, झाकणावर दगड. मी तो वाडा बघितला आणि पुढं गावोगाव लोकांना तसाच करायला सांगत फिरलो.

दिवाळी आली आणि गेली. अमृतरावांनी कोंबड्यांचा विषय काढला नाही. तुळजाबाईंनीही काढला नाही. कोंबड्या आपल्या सकाळी गोठ्यात जात राहिल्या.

हळूहळू बाया विचारायला येऊ लागल्या. पहिल्या आल्या शेजारच्या गुरम्मा. ह्या लिंगायत घरातल्या, गळ्यात इष्टलिंग, घरात अंड्याचं नाव काढायचं नाही. त्यांच्याही गोठ्यात गोचीड झाले होते. भिंतीआडून त्यांनी विचारलं, "तुळजा, तुझ्या कोंबड्या आमच्या गोठ्यात चार दिवस येतील का गं? अंडं मात्र आमच्यात घालायचं न्हाई बग."

"काकू, कोंबडीला कसं सांगू, हितं घाल आन् तितं घालू नको?" तुळजाबाई म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "कोंबडे पाठवते. चार हायत. ते न्हाईत अंडं घालीत."

गुरम्मा पोट धरून हसल्या. चार कोंबडे पंधरा दिवस रोज सकाळी पाहुणे म्हणून लिंगायताच्या गोठ्यात जात होते. मी स्वतः पाहिलेलं आहे. गुरम्मा त्यांच्यासाठी पातेल्यात स्वच्छ पाणी ठेवायच्या.

मग दुसऱ्या गल्लीतल्या, मग शेजारच्या वाडीतल्या बाया. सवाल साधेच, पण ते कुठं लिहिलेले नसतात. कुत्रं पिल्लं खातंय, काय करू? तुळजाबाई सांगायच्या, कुत्रं लहान असतानाच त्याला खुराड्याजवळ बांधून, पोटभर घालून सवय लावा. मोठेपणी एकदा रक्ताची चटक लागली की मग सुटत न्हाई, मग कुंपणच. गाय व्यायला झाली, कोंबड्या आत राहू द्यायच्या का? अजिबात न्हाई. वासराची नाळ ओली असती, टोच मारतेत. नाळ वाळेपतोर कोंबड्या बाहेर. खुडूक कोंबडी गव्हाणीतच अंड्यावर बसली तर? टोपलं अंधारात नेऊन ठेवा, रातच्याला हळूच उचला, सकाळी तिला ती आपलीच जागा वाटती. कोंबड्या डोळे मिटून बसल्या, माना वाकड्या झाल्या तर? तवा मला इचारू नका, तवा उशीर झालेला असतोय. मानमोडीची लस आधी घ्या.

ही शेवटची गोष्ट त्या बोलूनच थांबल्या नाहीत. माझ्याकडून थेंब टाकायला शिकल्या. बर्फाच्या थर्मासमध्ये लस घेऊन, पहाटे, ऊन चढायच्या आत, घरोघर पिल्लांच्या डोळ्यांत एकेक थेंब. त्या साली आजूबाजूच्या गावांत मानमोडीनं खुराडी ओस पडली. सिंदगीवाडीत मात्र सकाळी कोंबडे आरवायचे थांबले नाहीत.

पण मला खरा सांगायचा आहे तो प्रदर्शनाचा दिवस.

तालुक्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. अमृतरावांनी रतन आणली होती. तीच रतन, जी दोन वर्षांपूर्वी आडवी पडली होती. आता तिचं अंग असं चकाकत होतं की माशी बसली तर घसरावी. शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. अमृतराव स्वतः कासरा धरून उभे, पांढरा पटका, पांढरं धोतर. तुळजाबाई आणि भुजंग मागं, गर्दीत.

परीक्षक बाहेरून आलेले होते, वयस्कर, अनुभवी. त्यांनी रतनचे दात पाहिले, खुरं पाहिली, कास पाहिली. मग कानाच्या आत बोट फिरवलं, शेपटी उचलली, मांडीच्या सांध्यात हात घातला. पुन्हा कान पाहिला. दोन्ही कान पाहिले.

"गोचीड एकही नाही," ते म्हणाले. "सकाळपासून तीस जनावरं पाहिली, असं अंग एकाचंच. कोणतं औषध वापरता?"

आजूबाजूला शेतकऱ्यांचा गराडा पडला. सगळ्यांना ते औषध हवं होतं. मी बाजूलाच उभा होतो आणि अमृतरावांच्या तोंडाकडं बघत होतो. कारण या माणसानं आयुष्यभर चारचौघांत सांगितलं होतं, की कोंबडी गोठ्यात शिरली तर गाय मरते.

अमृतरावांनी पटका सारखा केला. कासरा भुजंगच्या हातात दिला. मागं वळून मोठ्यानं हाक मारली, "तुळजा! म्होरं ये."

गर्दीनं वाट दिली. तुळजाबाई पदर सावरत पुढं आल्या.

"हे सायेब इचारायलेत, औषध कोणतं म्हणून. सांग." मग परीक्षकांकडं वळून म्हणाले, "माझी सून हाय. मला सत्तर वर्षांत जे कळलं न्हाई ते हिनं मला शिकवलं. मी म्हणायचो, कोंबडीनं गाय मरती. खोटं म्हणायचो. ह्या समद्यांना मीच सांगितलं होतं, म्हणून आज मीच सांगतो, ते खोटं हाय."

अशा माणसाच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. तुळजाबाईंनी सासऱ्याकडं पाहिलं आणि त्या बोलू लागल्या. आधी आवाज बारीक होता, नंतर मोकळा झाला. कोंबड्या किती वेळ सोडायच्या, गव्हाण कशी झाकायची, फवारणी केली तर कोंबड्या किती दिवस लांब ठेवायच्या. नुसत्या कोंबड्यांनी भागत नाही, भिंतीच्या फटीही लिंपाव्या लागतात, हेही सांगितलं. आणि न विचारता शेळीची गोष्ट सांगितली. "माझी एक शेळी माझ्या गलतीनं मेली. तुमची मरू नये म्हणून सांगते."

एकानं मागून विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती?"

"सातवी," तुळजाबाई म्हणाल्या. "पण कोंबड्या पंचवीस वर्षं."

लोक हसले. हसण्यात टिंगल नव्हती. रतनला त्या दिवशी दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं उदगीरकडच्या एका वळूला गेलं आणि तो वळू होताच तसा, अमृतरावांनीही मान्य केलं. पण घरी परतताना टेम्पोत ते रतनजवळ बसले नाहीत. पुढं ड्रायव्हरशेजारी सुनेला बसवलं, खिडकीशी स्वतः बसले आणि वाटेत जो भेटेल त्याला खिडकीतून सांगत होते, "हिचं भाषण झालं आज. भाषण!"

पुढच्या दीड-दोन वर्षांत त्यांच्या गोठ्यात निलंग्याहून माणसं आली, चाकूरच्या बचत गटातल्या बाया जीप करून आल्या. त्यात वर्षाराणी नावाची नुकतं लग्न झालेली एक मुलगी होती. सासरी कोंबड्या पाळू देत नाहीत म्हणून रडवेली झालेली. तुळजाबाईंनी तिला चार तलंगा दिल्या आणि म्हणाल्या, "भांडू नको. सासऱ्याला एक दिवस नुसतं गोठ्यात बसव आन् दाखव. बघणारा माणूस कबूल होतोय."

गेल्या हिवाळ्यात निवृत्तीच्या आधी मी शेवटचा सिंदगीवाडीला गेलो. निलंग्याच्या एका माणसानं त्यांना विचारलं होतं की कोंबड्यांसोबत बदकं चालतील का. तुळजाबाईंनी त्याला सांगितलं, "पाळून बघते, मग सांगते. सक्रांतीनंतर फोन कर." आणि खरंच कुठून तरी सहा बदकं आणली होती. चार दिवसांत त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याभोवती नुसता चिखल करून ठेवला होता. ओल्या जमिनीत कोंबड्यांचे पाय खराब होतील, म्हणून बदकांना वेगळी जागा हवी, उताराला, गोठ्यापासून लांब.

मी गेलो तेव्हा भुजंग खड्डा खणत होते. अमृतराव काठीवर रेलून उभे होते, पंचाहत्तरीकडं झुकलेले, आणि पोराला सांगत होते, "आणखी हातभर खोल घे. तुळजानं सांगितलंय तेवढा. बदकाला पवायला नगं का?"